उतारावर ठरते बुटाचे माप

साताऱ्यातील पोवई नाक्याच्या परिसरातल्या एका पादत्राणांच्या दुकानातून मागील वर्षी दिवाळीनंतर मी डोंगरात चालण्यासाठी घोटा झाकणारे चामडी बूट घेतले. तेव्हापासून एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा ते माझ्या पायांत आहेत. त्यामुळे त्या बुटांविषयी, आणि ते निवडताना दुकानाच्या मालकांनी घेतलेल्या कष्टांविषयी, आता खात्रीने लिहिता येईल.

आधीची जोडी मी घरबसल्या मागवली होती. घरातल्या फरशीवर ती अगदी मापात वाटली आणि वासोट्याच्या चढावरही तिने काही त्रास दिला नाही. गड उतरून पायथ्याच्या मेट इंदवलीकडे परतताना मात्र दोन्ही अंगठे प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकावर आपटू लागले. कोयनेच्या जलाशयापलीकडे, बामणोलीला लाँचमधून उतरून मोजे काढले, तेव्हा दोन्ही नखे काळीनिळी झाली होती, आणि त्यांतले एक पुढे महिन्याभराने गळून पडले. उतारावर अंगाचा सगळा भार पायाला पुढे ढकलत असतो. टाच बुटात घट्ट बसलेली नसेल, तर तळवा सरकत जातो आणि बोटे पुढे चेपली जातात. म्हणूनच बूट लांबीला पुरेसा असूनही चावू शकतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

या दुकानात सकाळी गेलो, तर मालकांनी मला संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर आणि डोंगरात घालतो तेच जाड मोजे घेऊन यायला सांगितले, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजतात आणि सकाळचे माप संध्याकाळी अपुरे पडते. संध्याकाळी त्यांनी मला उभे करूनच दोन्ही पाय मोजले. डावा पाय उजव्यापेक्षा ४ मिलिमीटर लांब निघाला, आणि त्यांनी डाव्याचे माप धरले. मग मी पसंत केलेल्या बुटातली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर उभे राहायला सांगितले. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा शिल्लक होती, पण चवडा दोन्ही बाजूंनी गादीच्या कडेबाहेर आला होता. ‘पाय इथे मावत नाही, तर आत कसा मावेल?’ असे म्हणून त्यांनी ती जोडी बाजूला ठेवली. ती जोडी अधिक महाग होती, हे मुद्दाम नोंदवतो.

बुटावरचा आकडा पाहून खरेदी करू नये, हेही त्यांचेच सांगणे. ब्रिटिश मापात एका आकड्याचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा, तर युरोपीय मापात तो साडेसहा मिलिमीटरहून थोडा अधिक असतो. त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत जाताना माप नेमके जुळत नाही. शिवाय हे दोन्ही आकडे लांबीचेच, रुंदीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. आपल्या लोकांचा पाय पुढून रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने १ लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मापे घेऊन ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली आहे, ती याच कारणाने. ती प्रत्यक्ष दुकानांत रुजेपर्यंत गादीवर उभे राहून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे.

शेवटी मालकांनी मला पोटमाळ्याच्या उभ्या जिन्यावरून दहा वेळा उतरायला लावले. तिसऱ्या जोडीत टाच जागची हलली नाही आणि अंगठा पुढे टेकला नाही. तीच मी ५,८०० रुपयांना घेतली.

माझ्या मेहुण्यांनी परदेशातून आणलेले, डोंगरातील शिकारीसाठी बनवलेले उंच बूटही मी पूर्वी काही दिवस वापरून पाहिले होते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, तेव्हा तसे बूट इथे कामी येणार ते रानात भटकणाऱ्यांच्याच. त्यांचा टाचेभोवतीचा ताठ कप आणि बोटांवरची रबरी पट्टी मला फार आवडली. पण बर्फासाठी आत घातलेल्या उबदार अस्तरामुळे यवतेश्वरच्या चढावर तासाभरात मोजे घामाने भिजले, आणि भिजलेल्या मोज्यात फोड येतातच. दुसऱ्या टोकाला आपले कापडी ‘हंटर’ बूट आहेत. ते स्वस्त आहेत, लवकर वाळतात आणि चिखलातही पकड धरतात, परंतु पुढचा भाग पातळ असल्याने ठेचेपासून बोटांचा बचाव होत नाही आणि टाचेला आधार मिळत नाही. मी घेतलेली जोडी या दोहोंच्या मधली आहे, आणि आपल्या डोंगरांना ती मानवते.

पहिले तीन आठवडे ते बूट मी फक्त गावात आणि साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत घातले. तेवढ्यात चामडे चवड्यापाशी सैलावले. कोरड्या कातळावर आणि मुरमाच्या घसाऱ्यावर सोलची पकड उत्तम आहे. ओल्या शेवाळावर मात्र ती टिकत नाही. कासकडच्या खरखरीत जांभ्या दगडाने सोलच्या कडा थोड्या झिजल्या आहेत. जोराच्या पावसात पाणी वरून आत शिरते आणि चामडे वाळायला दोन दिवस लागतात. वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावे लागते, चुलीजवळ ठेवल्यास चामडे तडकते. आतली गादी पातळ असल्याने मी ती बदलली, आणि नाड्या तर सहा महिन्यांतच तुटल्या. या किमतीत त्या अधिक मजबूत असायला हव्या होत्या.

खरेदीच्या वेळी बूट कोणत्या वर्षी तयार झाले, हे अवश्य विचारावे. पॉलियुरेथेन या फेसाळ प्लॅस्टिकचा थर असलेला सोल न वापरताही हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षे कमकुवत होत जातो, आणि खोक्यात पडून राहिलेली जोडी वरून नवीकोरी दिसली तरी वाटेतच तिचा सोल सुटू शकतो. मालकांनी मला खोक्यावरचा महिना स्वतःहून दाखवला.

नाडी कशी बांधावी, हेही त्यांनी पायाशी बसून दाखवले: सर्वांत वरच्या भोकांतून प्रत्येक बाजूला एक छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओवायची आणि टाच मागे दाबून ओढून घ्यायची. पुढे जानेवारीत मी पुन्हा वासोट्याला गेलो. उतरायला सुरुवात करण्यापूर्वी माथ्यावरच बसून दोन्ही नाड्या अशा नव्याने बांधल्या. बामणोलीला पोहोचल्यावर मोजे काढले, तेव्हा दहाही नखे जशीच्या तशी होती.