पोळलं तर नळाचं पाणी की बर्फ?
परवा भुट्ट्याचा कीस परतताना तेल उडालं मनगटावर, आणि आमच्या सासूबाई लगेच फ्रीजमधून बर्फ घेऊन हजर. इंदूरच्या अर्ध्या घरांत हेच चालतं, नाहीतर टूथपेस्ट.

बर्फाने लगेच बरं वाटतं हे मान्य, पण त्याने रक्तवाहिन्या आखडतात आणि आधीच पोळलेल्या कातडीचं नुकसान वाढतं, म्हणजे चटक्यावर वर अजून थंडीचा चटका. नळाचं साधं पाणी बोरिंग वाटतं खरं, पण 20 मिनिटं धार सोडली की आतली उष्णता हळूहळू निघते, आणि लगेच जमलं नाही तरी 3 तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. नळाला नर्मदेचं पाणी आलं नसेल तर मग बादली आणि मग्गा, चालतं! अंगठी-बांगड्या मात्र आधी काढा, नंतर सूज येते.

नुसतं लाल झालं, फोड नाही तर फर्स्ट डिग्री, फोड आला की सेकंड डिग्री, तो फोडायचा नाही. पांढरं किंवा काळं पडून दुखतच नसेल तर थर्ड डिग्री, तिथे घरगुती काही नको, सरळ डॉक्टर. माझा फोड बोराएवढा होता, आता सुकलाय.