मनातले बोलण्यासाठी 60 कार्डे : दोन महिन्यांच्या वापरानंतर

जोडीदारांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे यासाठी तयार केलेला 60 कार्डांचा एक संच मी आणि माझी पत्नी गेले दोन महिने वापरत आहोत. लग्नाला 22 वर्षे झाल्यावर प्रेम शब्दांत सांगायला पुठ्ठ्याच्या डबीची मदत घ्यावी लागते, याचे मला आधी हसू आले होते आणि, खरे सांगायचे तर, थोडी लाजही वाटली होती.

कार्डे तीन रंगांची असून प्रश्न हलक्याफुलक्या विषयांपासून खोल विषयांकडे जातात. ही कल्पना नवी नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेले 36 प्रश्नही असेच तीन टप्प्यांत चढत जातात. एकच कार्ड दोघांनीही सोडवायचे, हा नियम या संचातही आहे आणि तो मला फार मोलाचा वाटला, कारण त्यामुळे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उलटतपासणीला तोंड द्यायचे, असे होत नाही.

तिसऱ्याच दिवशी ‘अलीकडे कशाची भीती वाटली होती?’ असे कार्ड निघाले. पत्नी म्हणाली, “तुझा रिपोर्ट येईपर्यंतची.” रिपोर्टची वाट पाहत होतो त्या संध्याकाळी ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि हिला काहीच कसे वाटत नाही, म्हणून मी मनातून खट्टू झालो होतो. त्याच चार घड्या आपण पुन्हा पुन्हा मोडून घालत होतो, हे तिने मला त्या कार्डामुळे सांगितले.

संचाची भाषा मात्र पदोपदी अडखळते. ‘मी दुःखी असल्याचे अनुभवतो’ असे मराठी माणूस कधीच म्हणणार नाही. आपल्याला वाईट वाटते, राग येतो, भरून येते. शिवाय ‘वाटणे’ हे क्रियापद भावना आणि मत या दोन्हींसाठी चालते, याचे भान संच तयार करणाऱ्यांना राहिलेले नाही. ‘तुझ्या वागण्याने मला काय वाटते?’ या कार्डावर मी प्रामाणिकपणे उत्तर दिले, “मला वाटते की तू माझे ऐकत नाहीस.” पत्नीने लगेच पकडले, “हे वाटणे नव्हे, हा आरोप आहे.” ‘मला एकटे वाटते’ इथपर्यंत यायला मला दोन दिवस लागले. याबाबत एका ओळीची सूचना छापली असती तरी पुष्कळ भांडणे टळली असती.

सोबत भावनांच्या नावांचा एक तक्ता दिला आहे. तो शोभेचा नाही. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 मधील प्रयोगात भावनेला शब्दात नाव देताना मेंदूतील अमिग्डला या भावनिक प्रतिक्रियांशी निगडित भागाची प्रतिक्रिया कमी झाल्याचे आढळले होते. म्हणूनच त्यात निराश, चिंताग्रस्त, असुरक्षित असे परिपत्रकात शोभणारे शब्द भरून घालमेल, रुखरुख, हिरमोड, हुरहूर हे शब्द गाळावेत, याचे नवल वाटते. पत्नीने ते पेन्सिलीने समासात लिहून घेतले आहेत.

पुठ्ठा जाड आहे, छपाई स्वच्छ आहे, डबीचे झाकण मात्र सैल बसते. ज्यांच्यात कडाक्याचा अबोला चालू आहे त्यांनी लगेच तिसऱ्या रंगाला हात घालू नये. आम्ही घातला आणि आठवडाभर डबी बंद राहिली. या उणिवा धरूनही मी हा संच घ्या असेच सांगेन, विशेषतः शेवटी दिलेल्या दहा कोऱ्या कार्डांसाठी. त्यांपैकी सहा आमच्या हस्ताक्षरात भरली आहेत आणि आता आम्ही बहुतेक वेळा तीच काढतो.