एमआयटी ओपनकोर्सवेअर: सात महिने, एक विषय, तीन वह्या

एमआयटीच्या कोर्सची व्याख्यानं, टिपणं आणि परीक्षांचे पेपर मोफत ठेवणारी वेबसाइट म्हणजे ओपनकोर्सवेअर. फुकट आहे म्हणून सुरू केलं आणि फुकट आहे म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांत तीनदा सोडलं. पैसे भरले असते तर निदान चुटपुट तरी लागली असती.

एमआयटी म्हणजे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचं, १८६१ साली स्थापन झालेलं खासगी संशोधन विद्यापीठ. इंटरनेटवरून शिकवून काही कमाई होईल का, याचा विचार करायला बसलेल्या तिथल्या समितीने शेवटी ‘सगळं मोफत देऊन टाका’ असंच सुचवलं. २००१ साली तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स वेस्ट यांनी तशी घोषणा केली. पुढच्या वर्षी ५० कोर्स आले, आज अडीच हजारांच्या वर आहेत. नोंदणी नाही, लॉगिन नाही. प्रमाणपत्रही नाही, ते हवं असणाऱ्यांनी इथेच थांबलेलं बरं.

तिथे विषयांना नंबर असतात. गणित विभाग १८, माझा कोर्स १८.०६, म्हणजे लिनिअर अल्जिब्रा, रेषीय समीकरणं आणि मॅट्रिक्सचं (आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचं) गणित. व्हिडिओत शिकवतात गिल्बर्ट स्ट्रँग. खडू, फळा आणि मध्येच स्वतःशी बोलल्यासारखं शिकवणं. पहिल्याच तासाला दोन साधी समीकरणं: २x − y = ० आणि −x + २y = ३. दोन रेषा काढायच्या, छेदतात तो बिंदू (१, २) हे उत्तर. इतपत शाळेत झालेलं. मग ते उभे स्तंभ बघायला लावतात, म्हणजे दोन्ही समीकरणांतले x चे सहगुणक एकत्र आणि y चे एकत्र: (२, −१) एकदा घ्या, (−१, २) दोनदा घ्या, बेरीज (०, ३). उत्तर तेच, पण इंजिनिअरिंगची चार वर्षं मॅट्रिक्सचे गुणाकार करूनही हे मला कधी दिसलं नव्हतं. तो व्हिडिओ थांबवून मी थोडा वेळ नुसताच बसलो.

त्यानंतर गाढवपणा केला. दीडपट वेगाने दहा-बारा व्याख्यानं बघून टाकली, सगळं समजतंय असं वाटत होतं. पहिल्या परीक्षेचा पेपर उघडला आणि एकही प्रश्न धड सुटेना. म्हणून पुन्हा पहिल्यापासून: आठवड्याला एकच व्याख्यान आणि त्यावरची गणितं वहीत. खरा माल या गणितांत आहे. व्हिडिओ हा नुसता वरातीचा बँड. उत्तरंही तिथेच दिलेली असतात, त्यामुळे पाचव्या मिनिटाला डोकावायचा मोह होतो. मी ती दुसऱ्याच दिवशी बघायची असं ठरवलं आणि बऱ्यापैकी पाळलं.

अडतं ते सिद्धतेपाशी. माझी वाट दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळी असली तर ती बरोबर की चूक, हे वही कशी सांगणार? वर्गात बसणाऱ्याला विचारायला माणूस असतो. मी गणित शिकवणाऱ्या एका मित्राला पिडतो. चारपैकी तीनदा चूक माझीच निघते.

कोर्स निवडताना एक बघून घ्या: प्रत्येकाला व्हिडिओ नाहीत, काहींची फक्त टिपणं आणि प्रश्नावल्या आहेत.

या आठवड्यात एकविसावं व्याख्यान, आयगेनव्हॅल्यू: मॅट्रिक्सने गुणूनही ज्यांची रेषा बदलत नाही ते व्हेक्टर किती पट होतात, तो आकडा. तिसरी वही अर्धी झाली आहे.