फेमर्नबेल्ट: बोगदा की फेरीबोट?

डेन्मार्कचं रॉडबीहाउन आणि जर्मनीचं फेमर्न बेट यांच्यामध्ये फेमर्नबेल्ट ही सुमारे १८ किलोमीटरची सामुद्रधुनी. फेरीबोट तो ४५ मिनिटांत पार करते, समुद्रतळाशी होऊ घातलेल्या बोगद्यातून मोटार १० मिनिटांत जाईल. पण नुसत्या मोटारींसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. फेरीबोटी नियमित चालतात, शिवाय समुद्रतळ खणावा लागत नाही.

बोगद्यासाठी मात्र तळाशी लांबच लांब चर खणून त्यात काँक्रीटचे ८९ भाग बसवायचे आहेत. त्यातला एकेक नेहमीचा भाग २१७ मीटर लांब आणि ७३,००० टन वजनाचा! पॉर्पॉइज या डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्याचा अधिवास आणि तळावरचे खडक यांच्या काळजीपोटी जर्मन पर्यावरणवादी कोर्टात गेले. लाइपझिगच्या न्यायालयाने २०२० मध्ये दावे फेटाळले. ती काळजी मला आजही रास्त वाटते. फेरी कंपन्यांची तक्रार वेगळी होती, बोगद्याला मिळणाऱ्या सरकारी पैशाच्या आधाराची.

तरीही माझा कौल बोगद्याला, कारण त्यातून जाणारी रेल्वे. पूर्वी अख्खी गाडी बोटीच्या पोटात शिरायची. २०१९ च्या अखेरीस तेही थांबलं. आता हॅम्बुर्ग-कोपनहेगन गाड्या डेन्मार्कच्या जटलँड द्वीपकल्पाचा वळसा घालतात. मालगाड्यांचा सुमारे १६० किलोमीटरचा फेरा वाचवणं फेरीबोटीला जमणारं नाही.