युरोपीय एकीकरणाला पाठिंबा: खिशाचा हिशेब की अस्मिता?

संकटाच्या काळात युरोपीय संघाबद्दलचं जनमत कशावर ठरतं, या विषयावर लघुप्रबंध लिहायचा असेल तर देश निवडतानाच अर्धं उत्तर ठरून जातं. आयर्लंड, वेल्स आणि ग्रीस ही तीन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा.

खिशाच्या बाजूने सगळे आयर्लंड पुढे करतात. जून २००८ मध्ये तिथे सार्वमतात लिस्बन करार (संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा करार) ५३.४ टक्क्यांनी फेटाळला गेला. मग बँका अडचणीत आल्या, बेकारी वाढली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तोच करार ६७.१ टक्क्यांनी मंजूर झाला. मात्र मधल्या काळात तटस्थता, कर आणि गर्भपात यांबाबत आयर्लंडला हमीही मिळाली होती. भीतीने किती मतं फिरली आणि हमीने किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

वेल्सचं चित्र उलटं. संघाच्या विकासनिधीचा मोठा लाभ मिळूनही २०१६ च्या ब्रिटनमधल्या सार्वमतात तिथली ५२.५ टक्के मतं संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. वेल्समधल्याच ब्लायनाय ग्वेंट भागात तर ६२ टक्के. पोलाद कारखाना बंद झालेल्या या भागात निधीतून रस्ते आणि इमारती झाल्या, पण गेलेल्या नोकऱ्यांची जागा त्यांनी भरून काढली नाही. प्रदेशाला मिळालेला पैसा मतदाराला स्वतःचा वाटतोच असं नाही. अस्मिता आणि स्थलांतर हे मुद्दे अभ्यासायचे असतील तर वेल्स घ्या.

माझी पसंती ग्रीसला. जून २०१५ च्या अखेरीस बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरोच. तरी ५ जुलैच्या सार्वमतात ६१.३ टक्के लोकांनी कर्जात बुडालेल्या देशाला मदत देताना कर्जदात्यांनी घातलेल्या अटी नाकारल्या, आणि त्याच काळात बहुसंख्यांना युरो सोडायचा नव्हता. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन्ही भूमिका खिशातूनच आलेल्या असू शकतात: अटी मानल्या तर आणखी कपात, ड्रॅक्मा (ग्रीसचं युरोआधीचं चलन) परत आला तर बचतीचं मोल घसरणार. तरुणांत बेकारी भयंकर होती आणि नकाराचं प्रमाणही त्यांच्यात बरंच जास्त होतं. गमावण्यासारखी ठेव किंवा पेन्शन त्यांच्यापैकी बहुतेकांकडे नव्हतीच. वयोगटांतली ही दरी आयर्लंडच्या दोन आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

ग्रीस निवडलात तर ‘युरोला पाठिंबा’, ‘संघाला पाठिंबा’ आणि ‘अटींना पाठिंबा’ हे तीन प्रश्न पहिल्या प्रकरणापासूनच वेगळे ठेवा.