एक देश एक रेशन कार्ड, मुंबईत : दरभंग्याचं कार्ड चालतं, आरेतल्या पाड्यावर कार्डच नाही

सेवा : रेशन कार्डाची पोर्टेबिलिटी, म्हणजे एका गावचं कार्ड देशात दुसरीकडे वापरायची सोय. ठिकाण : मुंबईतलं कुठलंही अधिकृत शिधावाटप दुकान. किंमत : शून्य. पदरात काय : माणशी महिन्याला ५ किलो धान्य. पाचपैकी गुण द्यायचे तर बाहेरून पोटासाठी आलेल्याच्या हिशेबानं साडेतीन आणि इथल्याच आदिवासीच्या हिशेबानं एक. एकाच सेवेला दोन गुण द्यावे लागतात, कारण काउंटर एक असला तरी तिथपर्यंत पोचायचे रस्ते दोन आहेत.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. अंत्योदय (सगळ्यात गरीब) कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य (बाकीच्या पात्र) कुटुंबाला माणशी ५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून फुकट झाला आणि जानेवारी २०२४ पासून ही सवलत पाच वर्षांसाठी वाढवली. पण कार्ड गावातल्या एका दुकानाला बांधलेलं असायचं. माणूस मुंबईत साकीनाक्याला आणि धान्य झारखंडात गोड्ड्याला. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा दोन जोड्यांपासून ही गाठ सुटायला सुरुवात झाली. टाळेबंदीनंतर सुप्रीम कोर्टानं २९ जून २०२१ ला सगळ्या राज्यांना महिनाभराची, म्हणजे ३१ जुलैपर्यंतची मुदत दिली. सगळ्यात शेवटी आलं आसाम, जून २०२२ मध्ये. आज कागदावर देशातलं कुठलंही अन्न सुरक्षेचं कार्ड मुंबईत चालतं, आणि बहुतेक वेळा प्रत्यक्षातही चालतं. सरकारी योजनेबद्दल एवढं म्हणता येणं ही छोटी गोष्ट नाही.

काउंटरवरचं काम पाच मिनिटांचं. मूळ कार्ड जवळ असायची गरज नाही. कार्डाचा नंबर किंवा आधार नंबर पुरतो. दुकानदार ई-पॉस मशीनवर नंबर टाकतो, स्क्रीनवर घरातल्या माणसांची नावं येतात, आलेल्या माणसाच्या नावावर बोट ठेवून अंगठा घेतो. मग या महिन्याचं शिल्लक धान्य दिसतं. इथे पहिली फसगत होते. एका सज्ञान माणसाच्या अंगठ्यावर सगळ्या घराचं धान्य उचलता येतं. गावी बायकोनं दोन तारखेला पाचही माणसांचे २५ किलो नेले असतील तर मुंबईत नवऱ्याला शिल्लक शून्य दिसणार. तो दुकानदाराशी भांडतो, दुकानदार त्याला हाकलतो, आणि दोघांचंही चुकलेलं नसतं. उलटही होतं : इथे घाईत पूर्ण २५ किलोची नोंद झाली की गावी चूल थंड. उपाय साधा आहे. निघायच्या आधी घरी फोन करून ठरवा आणि दुकानदारानं आकडा टाकायच्या आधीच ‘फक्त माझे पाच’ असं सांगा. थोडं थोडं उचलायची सोय मशीनमध्ये आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी वापरत नाही.

एका खोलीत सहा-आठ जण राहून एकत्र स्वयंपाक करतात, त्यांना वाटतं एकानं जाऊन सगळ्यांचं आणावं. ते जमत नाही. कार्डं वेगळी असतील तर ज्याचं कार्ड त्याच्याच घरातल्या कोणाचा तरी अंगठा लागतो. आणि नाक्यावर कामाला उभं राहायची वेळ नि दुकान उघडायची वेळ एकच आली की एक रोज बुडतो. बाजारात चाळीस-पन्नास रुपये किलोनं मिळणारा तांदूळ धरला तरी एकट्याच्या पाच किलोसाठी रोज बुडवणं हा तोट्याचा सौदा. संध्याकाळी उघडं असणारं दुकान शोधा, मग ते दोन स्टॉप लांब असलं तरी चालेल. पोर्टेबिलिटीचा खरा फायदा हाच.

अंगठा ही या सेवेतली सगळ्यात कच्ची कडी. सिमेंट, चुना, फरशीची पॉलिश, धुणीभांडी यांनी बोटांच्या रेषा झिजतात. मशीन ‘जुळत नाही’ म्हणतं तेव्हा लोक तोच अंगठा जोरजोरात दाबत बसतात. दाबल्यानं रेषा आणखी सपाट होतात. साबणानं हात धुवा, कोरडे करा, अगदी खरखरीत असतील तर किंचित ओलसर ठेवा, काचेवरची धूळ पुसायला सांगा, आणि अंगठा सोडून मधलं बोट किंवा दुसरा हात लावून पाहा. तरीही नाही झालं तर डोळ्याचं बुबुळ वाचणारं यंत्र किंवा आधारच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. ओटीपीची गंमत अशी की मुंबईत आल्यावर सिम बदललेलं असतं आणि आधारला गावचा बंद नंबर जोडलेला असतो. तो बदलायला आधार केंद्रात ७५ रुपये पडतात. एकदाच करायचं काम आहे, पुढची सगळी कटकट मिटते.

ई-केवायसीसाठी, म्हणजे कार्डावरचं नाव आधारशी पडताळून घ्यायला, गावी जायचं तिकीट काढू नका. केंद्रानं ती देशातल्या कुठल्याही ई-पॉसवर करायची मुभा दिली आहे. घरातल्या प्रत्येकाची वेगळी करावी लागते. ज्याची राहिली त्याचं नाव गळायची भीती, आणि गळालेलं नाव परत चढवणं हे वेगळंच प्रकरण.

मापाबद्दल. डबा किंवा पिशवी काट्यावर ठेवल्यावर आकडा शून्य केला का, एवढंच बघा. गहू-तांदळाचं प्रमाण महिन्यागणिक बदलतं, त्यावरून भांडू नका. ते दुकानदाराच्या हातात नसतं. ओडिशा-बंगालच्या माणसाला पाचही किलो तांदूळ हवा असतो आणि हातात गहू पडतो, ही तक्रार खरी आहे, पण तिचं उत्तर त्या काउंटरवर नाही. पावती मात्र घ्याच. पावतीवरचा आकडा आणि पिशवीतलं वजन यांत फरक असेल तर तिथल्या तिथे बोला. महाईपॉसच्या साइटवर कार्ड नंबर टाकला की कोणत्या महिन्यात किती उचल दाखवली आहे ते दिसतं. महाराष्ट्राचं कार्ड असेल तर तीन-चार महिन्यांतून एकदा पाहत जा.

तांदळात अधूनमधून जरा वेगळ्या रंगाचे, एकसारखे घडवलेले दाणे दिसतात. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते निवडून फेकतात. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ घातलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांमागे साधारण एक या हिशेबानं मिसळलेले. फेकलं म्हणजे पोषण तेवढं गेलं, बाकी तांदूळ उरला.

‘कोटा संपला’ हे वाक्य महिन्याच्या शेवटी हमखास ऐकू येतं आणि दर वेळी ते खोटं नसतं. दुकानाला माल येतो तो मुख्यतः त्याच्या स्वतःच्या कार्डांच्या अंदाजानं. गोवंडी किंवा साकीनाक्यासारख्या भागात बाहेरची कार्डं जास्त आली की गोण्या लवकर संपतात. जादा माल मागायची सोय दुकानदाराला आहे, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात. महाराष्ट्रात दुकानदाराचं कमिशन २०२५ मध्ये क्विंटलला १५० वरून १७० रुपये झालं. म्हणजे तुमच्या पाच किलोमागे त्याला साडेआठ रुपये. साडेआठ रुपयांसाठी तो तुमच्या बाजूनं भांडेल ही अपेक्षा जरा जास्तच. पहिल्या पंधरवड्यात जा.

मिळत नाही काय, तेही सांगायला हवं. राज्यानं आपल्या खर्चानं दिलेली वस्तू बाहेरच्या कार्डावर येत नाही. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा आनंदाचा शिधा निघाला तो महाराष्ट्राच्या कार्डधारकांसाठी. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या बिहारच्या कार्डवाल्याला तो लागू नव्हता.

आता दुसरा गुण, एक.

आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे आहेत. आरेची दुग्ध वसाहत १९४९ ची, पाडे त्याच्या आधीचे. या लोकांना पोर्टेबिलिटीची गरज फारशी नाही, त्यांना आधी कार्ड हवं, आणि तिथेच गाडी अडते. महाराष्ट्राला अन्न सुरक्षेचा इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं ती ठरलेली संख्या, मिळाला तो २०११ च्या जनगणनेवर : ७ कोटी १६ हजार माणसं. म्हणजे ग्रामीण लोकसंख्येतले ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येतले ४५.३४ टक्के. बिहारच्या ग्रामीण भागात हेच प्रमाण ८५.१२ आणि झारखंडच्या ८६.४८ टक्के. याचा अर्थ असा की जव्हार-मोखाड्याचा वारली ग्रामीण म्हणून मोजला जातो, दिवाळीनंतर मुंबईला बांधकामावर आला तरी त्याचं कार्ड सोबत येतं. आरेतला वारली तशाच झोपडीत, तेच खात असला तरी शहरी. त्याच्या वाट्याला दाटीची रांग. ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे शिधावाटप कार्यालयातलं उत्तर उडवाउडवीचं वाटतं, पण त्यामागे हा आकडा आहे : कोणी तरी अपात्र ठरून बाहेर पडल्याशिवाय नवं नाव आत जात नाही.

उत्पन्नाची मर्यादा तर थट्टाच. प्राधान्य कुटुंबासाठी डिसेंबर २०१३ च्या शासन निर्णयानं शहरात वर्षाला ५९ हजार आणि गावात ४४ हजार ठरवले. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत, सगळ्या घराचे मिळून. बाजारात शेवळं, टाकळा, कंटोळी विकणारी बाई आणि बिगारी काम करणारा नवरा यांनी खरं उत्पन्न सांगितलं तर ते बाद. खोटं लिहिलं तर आत. नियमच खोटं बोलायला शिकवतो.

ज्यांच्याकडे केशरी कार्ड आहे त्यांनाही वाटतं की आपण योजनेत आहोत. रंगावर जाऊ नका. कार्ड ‘प्राधान्य’ आहे की ‘एनपीएच’, म्हणजे प्राधान्याबाहेरचं, ते बघा. एनपीएच असेल तर फुकट धान्य नाही, आणि पोर्टेबिलिटीही नाही.

नव्या कार्डाचा अर्ज ऑनलाइन, आरसीएमएस या रेशन कार्डांच्या सरकारी साइटवर करता येतो. २०२३ पासून ई-कार्ड फुकट आहे. दलालाला एक रुपयाही द्यायचं कारण नाही. अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. घराखालची जमीन दुग्धविकास विभागाची किंवा वनखात्याची, त्यामुळे भाडेकरार नाही, घरपट्टी नाही, आणि वीज शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतलेली असेल तर बिलही नाही. मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, आधार, जे असेल त्यावर नाव आणि पाड्याचं नाव एकसारखं लिहून घ्या. एका कागदावर ‘खांबाचा पाडा’ आणि दुसऱ्यावर ‘आरे कॉलनी युनिट’ असलं की अर्ज परत येतो. पाडा उठवून इमारतीत नेलेल्यांनी, जसे मेट्रो ३ च्या कारशेडसाठी हललेले प्रजापूरपाड्याचे लोक, पत्ता बदलेपर्यंत जुन्या दुकानापर्यंत जायची गरज नाही. कार्ड चालू असेल तर नव्या घराखालच्या दुकानातून उचला. इथे पोर्टेबिलिटी खरंच कामाला येते. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. जाऊन-येऊन ५२ वाचले.

कातकऱ्यांनी प्राधान्यावर समाधान मानू नये. आदिम जमातीची कुटुंबं अंत्योदयाच्या निकषात येतात, म्हणजे ३५ किलो. दोघा-तिघांच्या घराला हा फरक दुपटीहून मोठा पडतो. पण कातकरी असल्याचा दाखला मागितला जातो, आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० आधीचा पुरावा लागतो. ज्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली पिढी आत्ताची, तिथे १९५० चा कागद कुठून यायचा? गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन चौकशी करायची, मागणी लेखी करा, अर्जाची पोच घ्या. बाहेरून आलेल्या आदिवासीचं आणखी वेगळं. झारखंडच्या संथाळाला त्याच्या कार्डावर मुंबईत धान्य मिळतं, पण महाराष्ट्राच्या यादीत संथाळ नाहीत, त्यामुळे इथे तो आदिवासी म्हणून काहीही मागू शकत नाही.

तक्रारीसाठी १४४४५ हा पोर्टेबिलिटीचा नंबर, राज्याचा १९६७. कायद्याच्या आठव्या कलमात धान्य न मिळाल्यास भत्ता द्यायची तरतूद आहे, पण त्यासाठी धान्य नाकारलं हे दाखवावं लागतं. आणि नेमकी तिथेच मेख आहे. दिलेल्या धान्याची पावती निघते, नाकारलेल्याची निघत नाही. दुकानदारानं नंबरच टाकला नाही, तोंडी ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हटलं, तर तुम्ही त्या दुकानात आलाच नव्हता असा हिशेब राहतो. म्हणून नंबर टाकायला लावाच, स्क्रीनवर जे काही येईल त्याचा फोटो काढा, दुकानाच्या फलकावरचा क्रमांक त्याच फोटोत येऊ द्या, आणि फोन लावाल तेव्हा हाच क्रमांक सांगून तक्रारीचा नंबर लिहून घ्या.