उरलेले गोठवलेले भ्रूण: ठेवावेत, नष्ट करावेत की संशोधनाला द्यावेत?

गोव्यात आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर बीजांडाचं फलन करून मूल होण्याचा उपचार, आता खासगी दवाखान्यांपुरतं राहिलेलं नाही. 2023 पासून बांबोळीच्या गोमेकॉतही (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) ते सरकारी खर्चाने होतं. मूल झाल्यावर शिल्लक भ्रूणांचं काय करायचं, हा प्रश्न त्यामुळे जास्त घरांत येणार.

ठेवून देणं हा खरं तर निर्णय पुढे ढकलणं आहे. 2021 च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने, त्याच कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. दुसरं मूल हवं असेल तर ठेवा. नाहीतर दरवर्षीचं साठवणशुल्क भरून फक्त मुदत संपण्याची वाट पाहणं होईल.

नष्ट करण्यात गुंतागुंत कमी. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून भ्रूण बाहेर काढतात, वाढीसाठी लागणारं द्रव्य देत नाहीत, पेशी मरतात. कुणाच्या हाती काही जात नाही.

संशोधनाला देण्याबद्दल मात्र नीट समजून घ्यावं. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातला आतला पेशीपुंज वेगळा करून त्यापासून मूळपेशींची (शरीरातल्या वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशींची) वंशरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा साठा, तयार करतात. यात भ्रूण संपतो, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. प्रत्येक भ्रूणातून वंशरेषा मिळत नाही. तिसऱ्या दिवशी गोठवलेले बरेच भ्रूण वितळल्यावर पाचव्या दिवसापर्यंत पोचतच नाहीत. अखंड भ्रूण प्रयोगशाळेत 14 दिवसांपलीकडे वाढवायला आपल्याकडे बंदी आहे.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं संमतीबाबत काटेकोर आहेत. भ्रूण देण्याच्या निदान 24 तास आधी संमती घ्यायची, आणि आधी घेतलेली असली तरी प्रत्यक्ष देताना पुन्हा विचारायची. भ्रूण वापरला जाईपर्यंत ती मागे घेता येते. एकदा वंशरेषा तयार झाली की परतीची वाट नाही. पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. उपचार करणारा डॉक्टर आणि संशोधक शक्यतो एकच नसावा. ही अट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्या डॉक्टरच्या हाती आपलं मूल होण्याची आशा आहे, त्याला ‘नको’ म्हणणं फार अवघड असतं.

नैतिक बाजू. नष्ट करणं आणि संशोधनाला देणं, दोन्हींत भ्रूण संपतोच. म्हणून काहींना दुसऱ्या मार्गात निदान ज्ञानाची भर दिसते. काहींना तो मानवी जीवाचा साधन म्हणून वापर वाटतो. कॅथलिक चर्चची भूमिका 1987 आणि पुन्हा 2008 च्या दस्तऐवजात ठाम आहे: फलनापासून मानवी जीवाचा मान राखायचा, भ्रूण संपवणारं संशोधन मान्य नाही. हिंदूंत असा एक निर्णायक अधिकार नाही. पण भ्रूण संपवू नये अशी श्रद्धा घरात असेल, तर खरा निर्णय गोठवण्याच्या आधीचा आहे. लागतील तेवढ्याच बीजांडांचं फलन करा, उरलेली बीजांडं गोठवा, असं डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. एका फेरीत हाती येणारे भ्रूण त्यामुळे कमी होतात, ही किंमत धरून चाला.

आता पैशाचं. अमेरिकेत 1996 पासून डिकी-विकर नावाच्या कायदेशीर तरतुदीमुळे भ्रूण संपवणाऱ्या संशोधनाला केंद्राचा निधी मिळत नाही. बुशनी 9 ऑगस्ट 2001 ला फक्त त्या तारखेपूर्वीच्या वंशरेषांना निधी दिला. ओबामांनी 2009 मध्ये ती मर्यादा काढली, पण वंशरेषा तयार करण्याचा खर्च खासगीच राहिला. आपल्याकडे मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या किंड-1 आणि किंड-2, किंवा बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या बीजेएनहेम-19 आणि 20 या वंशरेषा सरकारी निधीवरच्या संस्थांत तयार झाल्या. आम्हांला हाच मार्ग बरा वाटतो. सरकारी पैसा असला की त्याचा हिशेब मागता येतो. ज्याच्या श्रद्धेला हे पटत नाही त्याचाही कर यात जातो, हा आक्षेप मात्र खरा आहे. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी 2007 मध्ये प्रौढ माणसाच्या त्वचापेशींपासून मूळपेशी तयार करून दाखवल्या, त्यामुळे अनेक कामांना भ्रूण लागत नाही. गर्भाची अगदी सुरुवातीची वाढ अभ्यासायला अजून लागतो.

भ्रूण दिल्याने घरातल्या कुणाचा मधुमेह किंवा पाठीच्या कण्याची इजा बरी होणार नाही. रक्ताच्या काही आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं आपल्याकडे नोंदणीकृत चाचणीतच करता येतं. भ्रूणांच्या बदल्यात बिलात सूट सुचवली गेली, तर तिथेच थांबा.

अर्जावर ‘संशोधनासाठी’ एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर सही करू नका. संस्थेचं नाव व नोंदणी क्रमांक, नैतिक समिती आणि मूळपेशी समिती या दोन्हींची मंजुरी, निधी कुणाचा, आणि पुढे व्यापारी फायदा झाल्यास हक्क कुणाचा, हे लेखी मागा. दोघांच्याही सह्या हव्यात, आणि प्रत तुमच्याकडे.